घरबांधणीतील काँक्रीट : लाभ कोणता व कोठून?

घर काँक्रीटचे असावे ही आकांक्षा महाराष्ट्रात आता खेडोपाडी रूढ झाली आहे. मातीच्या किंवा कौलारू घराच्या मालकाच्या हाती चार पैसे आले की तो प्रथम स्लॅब टाकण्याचा विचार करतो. ज्याच्या डोक्यावर स्लॅब त्याचे घर 'पक्के', असे एक समीकरणच लोकांच्या मनात ठसले आहे. या पसंतीस आधार नाही असे कोणी म्हणणार नाही. काँक्रीटला वाळवी लागत नाही, ते पेट घेत नाही, हव्या त्या आकारात ओतता येते, त्यावर पुढे मजला चढविता येतो, आणि दरवर्षी कौले चाळण्याची किंवा माळवदावर माती टाकण्याची यातायात वाचते. हे लाभ सर्वश्रुत आहेत व खरेही आहेत. त्यांचा विस्तार येथे करावयाचा नाही. घरात झोपलेल्या माणसाचा जीव काँक्रीटमुळे वाचतो तो त्याच्या नेमक्या कोणत्या गुणामुळे, आणि तो गुण पदरात पाडून घेण्यासाठी काँक्रीट घरात कोठे असावे लागते, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या प्रश्नाचा विचार करताना किल्लारी डोळ्यांपुढे आल्यावाचून राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, चारच्या सुमारास लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांच्या सीमेवर भूकंप झाला. त्याचे परिमाण सुमारे ६.२ होते. एवढ्या परिमाणाचे भूकंप जगात दरवर्षी अनेक होतात व पुष्कळदा त्यांत जीवितहानी अल्प असते. येथे मात्र आठ हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. बहुतेकांना मृत्यू आला तो स्वतःच्या घराच्या भिंतीखाली आणि छताखाली.

ती घरे दुबळ्या द्रव्याची होती काय? तसे म्हणता येत नाही. भिंती काळ्या दगडाच्या होत्या, आणि दख्खनचा घट्ट बेसाल्ट दर चौरस मिलिमीटरला १०० न्यूटनहून अधिक दाब सहज सोसतो. घरकामात नेहमी वापरले जाणारे एम-२० प्रतीचे काँक्रीट याच कसोटीवर २० न्यूटनांपाशी थांबते. म्हणजे निव्वळ दाब सोसण्याच्या बाबतीत किल्लारीचा दगड काँक्रीटच्या पाचपट तरी बळकट होता. दोष दगडात नव्हता, दगड आणि दगड यांमधील नात्यात होता. भिंत दोन पदरांची असे. बाहेरचा पदर वेगळा, आतला वेगळा, आणि मधल्या पोकळीत गोटे व माती भरलेली. जोडण्यासही मातीच. दोन्ही पदरांना सांधणारे आरपार दगड क्वचितच घातलेले असत. जमीन आडवी हलली तेव्हा हे दोन पदर एकमेकांपासून फुगून सुटले, आणि भिंत आतबाहेर ओसंडली.

तिच्यावर माळवदाचा भार होता. लाकडी तुळया, त्यांवर कड्या व फळ्या, आणि फळ्यांवर हातभर किंवा त्याहून जास्त माती, अशी या छताची रचना असते. दर पावसाळ्यापूर्वी वर नवी माती पडत गेल्याने जुन्या घरांत हा थर वाढतच जातो. थर अर्ध्या मीटरचा धरला आणि मातीची घनता दर घनमीटरला १,६०० किलोग्रॅम घेतली, तर छताच्या दर चौरस मीटरवर ८०० किलोग्रॅम वजन येते. बारा सेंटिमीटर जाडीच्या सलोह काँक्रीटच्या स्लॅबचे वजन याच हिशेबाने ३०० किलोग्रॅम होते. भूकंपात वास्तूवर येणारे आडवे बल तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणात असते. गुरुत्वत्वरणाच्या एक-पंचमांश इतके आडवे त्वरण मिळाले असे धरले, तर माळवदाच्या प्रत्येक चौरस मीटरमुळे १६० किलोग्रॅम वजनाइतके बल भिंतींच्या माथ्यावर येईल, स्लॅबमुळे ६०. येथवर स्लॅबची बाजू सरस दिसते. परंतु हिशेब इथेच थांबविणे योग्य नाही, कारण साठ सेंटिमीटर जाडीच्या दगडी भिंतीचे स्वतःचे वजनच दर्शनी चौरस मीटरला १,३०० किलोग्रॅमच्या घरात जाते. छत हलके केले तरी भिंत स्वतःच्या वजनानेही फुटू शकते.

याच आपत्तीत एक गोष्ट अभ्यासकांच्या ध्यानात आली, आणि आमच्या मते तीच सर्वांत बोधक आहे. काही जुन्या घरांत माळवदाचा भार भिंतींवर नव्हता. तो लाकडी खांब व तुळया यांच्या खणांवर तोललेला होता. ज्या घरांत हे खण एकमेकांशी नीट सांधलेले होते तेथे भोवतालच्या भिंती ढासळूनही छत खांबांवर उभे राहिले आणि आतली माणसे वाचली. भिंत तीच, माती तीच, भूकंपही तोच. फरक एवढाच की लाकूड ताण सोसते व सांध्यातून बल पुढे पोचविते. दगड-मातीस ते जमत नाही.

काँक्रीटच्या उपयुक्ततेचे मर्म येथे सापडते. निव्वळ काँक्रीट हा एक कृत्रिम दगडच होय, व दगडाचा दोष त्याच्याही अंगी आहे. दाब सोसण्याच्या त्याच्या शक्तीच्या सुमारे एक-दशांश इतकाच ताण त्याला सोसतो. तुळई वाकली म्हणजे तिची वरची बाजू दाबली जाते व खालची ताणली जाते. काँक्रीटची तुळई म्हणून खालून तडकते, आणि तडकताच मोडते. हा दोष ओळखून ताणाच्या बाजूस लोखंडाच्या सळया घालण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकात निघाली. जोसेफ अ‍ॅस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ मध्ये घेतले होते. फ्रान्समधील जोसेफ मोनिए या माळ्याने १८६७ मध्ये लोखंडी जाळी घातलेल्या काँक्रीटच्या कुंड्यांचे पेटंट घेतले, आणि १८९२ मध्ये फ्रांस्वा एनबिक याने खांब, तुळई व स्लॅब एकसंध ओतण्याची पद्धत नोंदविली. माळ्याच्या कुंडीपासून माणसाच्या घरापर्यंतचा हा प्रवास पुरा होण्यास एक पिढीही लागली नाही, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे.

लोखंड व काँक्रीट यांचे सख्य जमते ते दोन नैसर्गिक योगायोगांमुळे. पहिला योगायोग उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाचा. पोलादाचा रेखीय प्रसरणांक दर अंश सेल्सिअसला सुमारे १२ दशलक्षांश आहे, काँक्रीटचा सुमारे १०. दोन्ही जवळजवळ सारखेच फुगतात व आकुंचन पावतात, म्हणून ऊन-थंडीच्या फेऱ्यांत सळई काँक्रीटपासून सुटून येत नाही. दुसरा योगायोग रासायनिक आहे. त्याचा विचार पुढे ओघाने येईल. या दोहोंमुळे सलोह काँक्रीट ताण सोसते व तो एका अवयवातून दुसऱ्यात पोचविते. किल्लारीच्या त्या टिकलेल्या लाकडी खणांनी जे केले तेच सलोह काँक्रीट करू शकते. आणि लाकूड दुर्मिळ व महाग झालेल्या प्रदेशात हे सामर्थ्य मिळविण्याचा तो आज सुलभ मार्ग आहे.

आता प्रश्न उरतो, ते काँक्रीट घरात कोठे असावे? सामान्य घरमालकाचे उत्तर ठरलेले असते: माथ्यावर. स्थापत्यशास्त्राचे उत्तर थोडे निराळे आहे. दगडाच्या किंवा विटांच्या एकमजली घरास भूकंपात सर्वांत मोठा आधार मिळतो तो भिंतीत चारही बाजूंनी आडव्या फिरविलेल्या सलोह काँक्रीटच्या पट्ट्यांचा. एक पट्टा जोत्याच्या पातळीवर, एक दारे-खिडक्यांच्या माथ्यावर, आणि छत उतरते असल्यास एक छताखाली. यांतील दारे-खिडक्यांच्या माथ्यावरचा पट्टा सर्वांत महत्त्वाचा. पिंपाला जशी लोखंडी पट्टी, तसा हा पट्टा चारही भिंतींना कोपऱ्यांत बांधून ठेवतो. आडव्या धक्क्याने एक भिंत बाहेर झुकू लागली की तिच्या काटकोनातील दोन भिंती तिला ओढून धरतात. या पट्ट्यातील सळया कोपऱ्यात तुटक न ठेवता वळवून दुसऱ्या भिंतीत नेणे अत्यावश्यक आहे. कोपऱ्यात सळई तुटली की पट्टा असून नसल्यासारखा होतो.

याचा खर्च किती? आतून तीन मीटर गुणिले चार मीटर अशी एक खोली घ्या, भिंती ४५ सेंटिमीटर जाडीच्या. पट्ट्याची मध्यरेषेवरील लांबी १५.८ मीटर होते. भिंतीइतकी रुंदी व साडेसात सेंटिमीटर जाडी धरल्यास काँक्रीट लागते सुमारे ०.५३ घनमीटर. दहा मिलिमीटरच्या दोन सळया सबंध पट्टाभर घातल्या तर लोखंड सुमारे साडेएकोणीस किलोग्रॅम, व त्यांना जोडणाऱ्या आडव्या कड्यांचे थोडे वेगळे. याच खोलीवर बाहेरच्या कडेपर्यंत बारा सेंटिमीटरचा स्लॅब टाकावयाचा तर काँक्रीटच सुमारे २.३ घनमीटर लागेल. म्हणजे स्लॅबच्या एक-चतुर्थांशाहून कमी काँक्रीटमध्ये पट्टा होतो. स्लॅबला लागणारी फळ्या-टेकूंची सेंट्रिंगही त्याला लागत नाही. उलट, ज्या दोन पदरी मातीच्या भिंती किल्लारीत कोसळल्या तशाच भिंतींवर पट्टा न घालता नुसता स्लॅब ठेवला, तर घरमालकाने डोक्यावर जोखीम ठेवली असेच म्हणावे लागेल. माळवदापेक्षा तो हलका असेल, परंतु भिंत फुटल्यावर तो एकसंध खाली येतो.

हे ज्ञान १९९३ नंतरचे नव्हे. क्वेट्टा येथे १९३५ च्या भूकंपानंतर भिंतींत सळया व काँक्रीटचे पट्टे घालून पुनर्बांधणी करण्याची पद्धत पडली होती. खुद्द महाराष्ट्रात ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरला भूकंप होऊन दगडी घरांचा असाच विध्वंस झाला होता, आणि भूकंपरोधक बांधकामाचे भारतीय मानक आय. एस. ४३२६ हेही प्रथम १९६७ मध्येच प्रसिद्ध झाले. मग सव्वीस वर्षांनी किल्लारीच्या बहुतेक घरांत पट्टा का दिसू नये? एक कारण असे की त्या वेळच्या भूकंपप्रवण विभागांच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या विभागात गेला. दुसरे कारण अधिक खोल आहे. मानके अभियंत्यासाठी लिहिलेली असतात, आणि खेड्यातील घर गवंडी बांधतो. त्या दोघांची गाठ पडावी अशी व्यवस्था आपण उभी केली नव्हती, आणि ती आजही पुरती उभी आहे असे आम्हांस वाटत नाही.

सलोह काँक्रीटची संपूर्ण चौकट, म्हणजे खांब, तुळई व स्लॅब, बांधली की सर्व चिंता मिटली, असे समजणेही तितकेच घातक आहे. २६ जानेवारी २००१ रोजी भूज परिसरात भूकंप झाला तेव्हा दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांपैकी पुष्कळांच्या तळमजल्यावर वाहने ठेवण्यासाठी भिंती न घालता नुसते खांब सोडलेले होते. वरचे मजले भिंतींमुळे ताठ, खालचा मोकळा. त्यामुळे सगळे विरूपण त्या एका मजल्यावर एकवटले. खांबांना वेढणाऱ्या रिंगा दूरदूर असल्या व त्यांची टोके काटकोनातच वळविलेली असली, तर धक्क्यात त्या उघडतात आणि आतील काँक्रीट भुगा होऊन बाहेर पडते. टोके १३५ अंशांत वळवून खांबाच्या गाभ्यात शिरविली, तर तोच खांब वाकतो, पण मोडत नाही. टोक थोडे अधिक वळविण्यास फारसे लोखंड लागत नाही. लागते ते गवंड्याचे मनगट आणि देखरेख करणाऱ्याचे लक्ष.

आता त्या दुसऱ्या, रासायनिक योगायोगाकडे वळू. मराठी बोलीत 'स्लॅब पडला' या शब्दांनी स्लॅब ओतला गेला असाही अर्थ निघतो आणि कोसळला असाही. या दोन अर्थांमधले अंतर किती वर्षांचे असावे हे बव्हंशी याच योगायोगावर ठरते. सिमेंट व पाणी यांच्या जलसंयोगातून काँक्रीटला बळ देणारा कॅल्शियम सिलिकेटचा जलयुक्त पदार्थ तयार होतो, आणि त्याबरोबर कॅल्शियम हायड्रॉक्साइडही मोकळे होते. त्यामुळे काँक्रीटच्या छिद्रांतील द्रव तीव्र अल्कधर्मी बनतो. त्याचा पीएच साडेबारा ते तेराच्या दरम्यान असतो. अशा द्रवात पोलादाच्या पृष्ठावर एक अतिशय पातळ, स्थिर थर तयार होतो व गंज चढत नाही. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड मात्र हळूहळू आत शिरून ही अल्कधर्मिता नष्ट करतो. यास कार्बनीभवन म्हणतात. ते सळईपर्यंत पोचले, किंवा समुद्राकडील खारे क्लोराइड तेथवर पोचले, की संरक्षक थर मोडतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट असते. तो आतून दाब देऊन काँक्रीटचे कवच फोडतो, आणि छताच्या खालच्या बाजूस सळयांच्या रेषेत भेगा दिसू लागतात.

कार्बनीभवनाची खोली स्थूलमानाने काळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते, आणि या साध्या नियमाचा व्यावहारिक अर्थ फार मोठा आहे. उदाहरणादाखल एखाद्या काँक्रीटचा गुणांक दर वर्गमूळ-वर्षास ४ मिलिमीटर धरा. सळईवरील आच्छादन २० मिलिमीटर असेल तर कार्बनीभवन सळईपाशी पोचण्यास पंचवीस वर्षे लागतील. तेच आच्छादन १० मिलिमीटर असेल तर सव्वासहा. आच्छादन निम्मे झाले की आयुष्य निम्मे होत नाही, चौथाई होते. आणि हे आच्छादन राखण्यासाठी लागतात सिमेंटच्या छोट्या चकत्या, सळयांखाली ठेवावयाच्या. पुष्कळ ठिकाणी त्यांच्या जागी खडीचे तुकडे सरकविले जातात, किंवा तेही नाही. ओतकामाच्या घाईत पाय पडून सळया खाली बसतात व सेंट्रिंगच्या फळीला टेकतात. आय. एस. ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत सौम्य परिस्थितीसाठी २० मिलिमीटर आच्छादन, तर किनारी हवेस उघड्या असलेल्या काँक्रीटसाठी ४५ मिलिमीटर आच्छादन व किमान एम-३० प्रत सांगितली आहे. रत्नागिरी-मालवणकडे देशावरचाच नकाशा व तेच आच्छादन घेऊन बांधलेली घरे पाहिली म्हणजे, जांभ्याच्या भिंती व कौलारू छप्पर यांचे जुने शहाणपण सोडताना आपण त्याच्या जागी पुरते नवे शहाणपण घेतले नाही, असे वाटल्यावाचून राहत नाही. समुद्राची किंवा खाडीची वाळू न धुता वापरणे म्हणजे तर क्लोराइड बाहेरून येण्याची वाटही न पाहणे होय.

याच्या जोडीस पाण्याचा प्रश्न येतो. डफ एब्रम्स याने १९१८ मध्ये दाखवून दिले की काँक्रीटचे बळ मुख्यतः पाणी व सिमेंट यांच्या गुणोत्तरावर ठरते. जलसंयोग पूर्ण होण्यास सिमेंटच्या वजनाच्या सुमारे ४० टक्क्यांपेक्षा अधिक पाणी लागत नाही. मिश्रण हाताळता यावे म्हणून थोडे जास्त घालावे लागते. पन्नास किलोच्या पोत्यास ०.५ गुणोत्तराने पंचवीस लिटर पाणी पुरते. मिश्रण सहज वाहावे म्हणून कामगार आणखी एक बादली ओततो, तेव्हा त्या बादलीतील पाणी पुढे उडून जाते व मागे सूक्ष्म छिद्रांचे जाळे उरते. बळ घटते ते घटतेच. शिवाय कार्बन डाय-ऑक्साइड व क्षार यांना आत येण्यास रस्ते मिळतात. मौज अशी की ओतताना ज्या पाण्याची उधळपट्टी होते, त्याचीच ओतल्यानंतर टंचाई भासते. साध्या पोर्टलंड सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस, उष्ण व कोरड्या हवेत दहा दिवस, आणि राखमिश्रित सिमेंट असल्यास दहा ते चौदा दिवस सतत ओले ठेवावे लागते. मराठवाड्यात मे महिन्यात स्लॅब टाकून सकाळ-संध्याकाळ दोन शिंपणे घालणे याला 'पाणी मारणे' म्हणतात खरे, परंतु दुपारच्या उन्हात तो पृष्ठभाग कोरडा ठणठणीत होतो आणि वरच्या दोन सेंटिमीटरांतील जलसंयोग थांबतो. नेमके तेच दोन सेंटिमीटर सळईचे रक्षण करावयाचे असतात. मातीचे वाफे करून पाणी तुंबविणे किंवा ओली गोणपाटे पसरणे हा उपाय स्वस्त व पुरेसा आहे.

या सर्व अटी पाळल्या तर काँक्रीटचे घर किती काळ टिकावे? वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथील बी. डी. डी. चाळी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सलोह काँक्रीटच्या बांधल्या गेल्या. एकूण २०७ चाळी, तळमजला व वर तीन मजले, आणि मुंबईची खारी हवा. एकविसाव्या शतकात त्यांचा पुनर्विकास हाती घेण्यात आला तोपर्यंत त्यांनी गिरणी कामगारांच्या तीन-चार पिढ्यांना निवारा दिला होता. अर्थात त्यांनाही दुरुस्त्या कराव्या लागल्या, आणि काँक्रीट एकदा ओतले की देखभाल संपली हा समज त्यांनीही खोटाच ठरविला.

दोन उणिवांचा उल्लेख केल्यावाचून विवेचन एकांगी राहील. अर्ध्या मीटरचे माळवद उन्हाळ्यात खोली थंड ठेवते. बारा सेंटिमीटरचा स्लॅब दुपारभर तापून रात्री तीच उष्णता खाली सोडतो. किल्लारीनंतरच्या नव्या वसाहतींतील रहिवाशांची ही तक्रार जुनी आहे, व तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. विटांच्या तुकड्यांचा कोबा व त्यावर दरवर्षी चुन्याची सफेदी एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. दुसरी उणीव व्यापक आहे. एक टन सिमेंट-क्लिंकरमध्ये चुना सुमारे ६५ टक्के असतो, व तो चुनखडीतून मोकळा होताना केवळ रासायनिक विघटनानेच अर्धा टनाहून थोडा अधिक कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. भट्टीच्या इंधनाचा याहून वेगळा. या दृष्टीनेही जेथे पट्ट्याने भागते तेथे स्लॅबचा हट्ट धरू नये असे आम्हांस वाटते.

मराठवाड्यात दोन पदरी दगडी भिंतींची घरे आजही मोठ्या संख्येने उभी आहेत, आणि ती सर्व पाडून नवी बांधणे कोणासही परवडणारे नाही. त्यांच्यासाठी १९९३ नंतर सुचविला गेलेला उपाय प्रत्यक्ष पाहण्याजोगा आहे. भिंतीतील काही दगड हलक्या हाताने काढून ठरावीक अंतरांवर आरपार भोके पाडावयाची, प्रत्येकात दोन्ही टोकांस आकडा असलेली एक सळई ठेवून काँक्रीट ठासून भरावयाचे, माळवदावरील जादा माती उतरवावयाची, आणि दारांच्या माथ्यावर भिंतीच्या दोन्ही अंगांनी तारेची जाळी व सिमेंटचा गिलावा यांचा पट्टा फिरवावयाचा. एका भोकात काँक्रीट मावते ते दोन-चार घमेली.